शिडी कोरडी होती

त्या सकाळी अग्निशमन केंद्राच्या आवारात सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. बंब धुऊन झाले होते, नळ्या वाळत पडल्या होत्या आणि जवान चहाचे कप हातात घेऊन मोजणीबाईंच्या नावाने कुरकुरत होते. मोजणीबाई हे नाव त्यांनीच ठेवलेलं. माणसाचं शरीर ओझं कसं उचलतं, कुठे थकतं, कुठे मोडतं याचा अभ्यास करणाऱ्या त्या विद्यापीठातल्या संशोधक. बंबावरच्या माणसांना इतक्या दुखापती का होतात हे शोधायला दोन वर्षांपूर्वी आल्या आणि दिसेल ते मोजत सुटल्या. त्यांचा सख्खा मोठा भाऊ याच केंद्रात शिडीवर कामाला होता, म्हणून चेष्टा जरा जास्तच व्हायची.

"बाई, आज काय मोजताय? घोरणं?" एकाने विचारलं.

"तुमचं मोजलं काल. यंत्र बंद पडलं."

चाचणी केंद्राची, नेहमीची होती; बाई त्यात फक्त मोजून घ्यायच्या. अंगावर पूर्ण पोशाख, तोंडावर श्वासाचा मुखवटा, खांद्यावर वीस किलोची नळी. चार मजले चढून उतरायचं, माणसाच्या वजनाचा पुतळा ओढायचा आणि शेवटी जमिनीत बसवलेल्या पट्टीवरून चालत जायचं. कुठलं पाऊल किती जोरात पडतं ते ती पट्टी सांगते. सतरा नंबरचं हेल्मेट, म्हणजे बाईंचा दादा, चालत गेलं. बाईंनी पडद्यावर पाहिलं आणि पुन्हा एकदा पाहिलं. दादाचं उजवं पाऊल लहानपणापासून बाहेर वळतं, त्यावरून आईची बोलणी खाल्लीत त्याने. हे पाऊल नाकासमोर पडत होतं. मुखवट्याआड दादा नव्हताच. ही चाल त्याच्या शिडीवरच्या जोडीदाराची, टकल्याची होती.

आता हा रिवाज सांगायलाच हवा, कारण तो कुठल्याच नियमावलीत नाही. केंद्रात कोणी दुखणं सांगितलं किंवा चाचणीत मागे पडलं की त्याला बंबावरून उतरवून टेलिफोनच्या टेबलाशी बसवतात. इथवर ठीक आहे. पण त्या दिवसापासून तो टेबलवाला होतो. त्याला कोणी चहाला बोलवत नाही, त्याची मुलं शाळेत खाली मान घालून बसतात, बायकोला शेजारणी विचारतात, "मग आता घरीच का?" म्हणून ज्याचं अंग मोडलंय त्याच्या नावाने धडधाकट जोडीदार चाचणी देतो. याला ते 'जागा भरणं' म्हणतात, आणि याहून मोठी मैत्री त्यांना ठाऊक नाही. आपण लांबून या माणसांच्या शौर्याला टाळ्या वाजवतो. शूर माणूस कण्हला तर आपल्यालाही कुठे चालतं?

चारचौघांत भावाची शोभा नको, म्हणून बाई तिथे काही बोलल्या नाहीत. दुपारी तडक त्याच्या घरी गेल्या. दादा स्वयंपाकघरात फरशीवर उताणा पडला होता, पाय खुर्चीवर. वहिनी भाजी चिरत होती. खिडकीशी बाबा बसले होते; तेही याच केंद्रातून निवृत्त झालेले.

"दादा, आज तुझ्या जागी टकल्या चालला."

"तुझं यंत्र बिघडलंय."

"यंत्राचं सोड. दोन्ही पायांचे अंगठे वर कर."

दादाने अंगठ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. उजवा अंगठा उठला, डावा हलला नाही.

"तीन महिने झाले," वहिनी म्हणाली. तिच्या हातातली सुरी थांबली होती. "सकाळी मी कुशीवर वळवते तेव्हा कुठे उठतात. लेकीला सांगितलंय, पप्पा खेळतायत."

"तू गप्प बस गं."

"आजवर गप्पच बसले की."

बाई दादाजवळ फरशीवर बसल्या. "मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेलीय. पाय कधी दगा देईल सांगता येत नाही. शिडीवर असताना दिला तर?"

"खाली टकल्या असतो ना."

"तेच म्हणतेय मी."

"आपल्या घरातलं कोणी टेबलावर बसलेलं नाही," बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "पाठ माझीही दुखायची. केलीच ना तीस वर्षं नोकरी?" बाबांना पायात मोजे चढवायला आई लागते, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. 

दादाने बहिणीचा हात धरला. "सोमवारपर्यंत थांब. मीच सांगतो. तू साहेबांकडे जाणार नाहीस ना?"

जवानांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून बाईंनीच लिहून दिलं होतं की कोणाचीही माहिती साहेबांपर्यंत जाणार नाही. त्या कागदाची आठवण त्यांना नेमकी आत्ताच झाली. पण खरं सांगायचं तर कागद हे निमित्त होतं. भावाला टेबलवाला करणारी बहीण व्हायचं नव्हतं त्यांना. घरी परतल्यावर त्यांचा पाय एका जागी ठरेना. वाचायला घेतलं, मिटलं. चहा ठेवला, उतू गेला. शेवटी त्यांनी टकल्याला फोन लावून दादाच्या पायाचं सांगितलं. तो हसला.

"मला माहीत नाही होय बाई? मीच तर चाललो. दादांनी माझी जागा दोनदा भरलीय. तुम्ही जिवाला घोर नका लावून घेऊ."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एका तीन मजली इमारतीत आग लागली. माणसं सुखरूप निघाली, आग विझली. काम संपवून दादा शिडीवरून उतरत होता, टकल्या त्याच्या खाली. दादाने डावा पाय टाकला. पायरीवर टेकला की नाही ते त्याला कळलंच नाही. तो टकल्यावर कोसळला आणि दोघेही पहिल्या मजल्याच्या उंचीवरून खाली आले. दादाचं कोपर सोलवटलं. टकल्याचा कणा मोडला. तो वाचला, पण कमरेखाली त्याला काही कळत नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात टकल्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. बाईंना पाहून ती सरळ झाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"काल."

"मग काल मला का नाही फोन केलात?" ती ओरडली नाही की रडली नाही. "मी उंबऱ्यात आडवी पडले असते, पण त्यांना जाऊ दिलं नसतं."

 

आठ दिवसांनी चौकशी झाली. साहेब मनाने चांगले होते, म्हणूनच त्यांनी जबाब आधीच लिहून ठेवला होता: नळीच्या पाण्याने शिडी ओली होती, पाय घसरला. कोणाची चूक नाही, कोणाची अब्रू जात नाही. दादाने फक्त सही करायची होती. मागच्या बाकावर बाबा बसले होते. सगळे जवान भिंतीला लागून उभे होते.

दादाने कागद वाचला आणि परत सरकवला.

"शिडी कोरडी होती, साहेब. माझा पाय बधीर होता."

"विचार करून बोल."

"केलाय. तीन महिने लपवलं. माझी चाचणी टकल्याने दिली, त्याची मी दोनदा दिली होती. आता मला टेबलावर बसवा, नाहीतर घरी बसवा. पण ओली लिहू नका."

"आणि मला आदल्या दिवशी कळलं होतं," बाई उभ्या राहिल्या.  "तेही लिहा."

बाबा उठले आणि कोणाकडे न बघता निघून गेले. दोघांशीही त्यांनी बोलणं टाकलंय.

पुढच्या सोमवारी बाई पुन्हा केंद्रावर आल्या. आवारात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तो जुना कागद मी फाडलाय. ज्या दुखण्यावर जोडीदाराचा जीव टांगलेला आहे, ते मी लपवणार नाही. हे ठाऊक असूनही ज्याला सांगायचंय त्याने यावं." मग त्या त्यांच्या छोट्या खोलीत जाऊन बसल्या.

तासभर कोणी फिरकलं नाही. मग पंपवाला आला, केंद्रातला सर्वांत जुना जवान. त्याने बाहेर पाहिलं, हळूच दार लावलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"माझा खांदा," तो कुजबुजला. "दोन वर्षं झाली. लिहा."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"लिहिते. आधी दार उघडा."

बाहेर जवानांच्या गप्पा ऐकू येत होत्या. पंपवाल्याने दाराकडे पाहिलं. मग उठला, त्याने दार सताड उघडलं आणि बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "माझा खांदा. उजवा. हात वर जात नाही."

आवारातल्या गप्पा थांबल्या. बाई लिहू लागल्या.