पहिल्या दारापासून

दुपारपासून प्रतिभा चौथ्यांदा मेली, तेव्हा तिच्या सासूबाई, धुरपदाबाई, शेणाची पाटी घेऊन ओट्यासमोरून चालल्या होत्या.

मेली म्हणजे मोबाइलमधली. तोंडाला काळं फडकं बांधलेली एक पोरगी, दोन हातांत दोन तलवारी, आणि समोर पडक्या किल्ल्यातून झुंडीने येणारे सांगाडे. एकेक दालन साफ केलं की पुढचं दार उघडतं. दर दाराशी तीन पत्ते दिसतात, त्यातला एक उचलायचा. कधी तलवारीला आग लागते, कधी पायांना वेग येतो, कधी काहीच कामाचं निघत नाही. निघेल त्यावर लढायचं. आणि मेलं, की जमवलेलं सगळं जातं, थेट पहिल्या दारापाशी. थोडे निळे मणी तेवढे शिल्लक राहतात, त्यांच्यावर पुढच्या खेपेला अंगात जरा जास्त ताकद येते. शेवटच्या दारामागे हातोडा घेतलेला एक दांडगा राक्षस आहे. प्रतिभा त्याच्यापर्यंत अकरा वेळा पोचली होती आणि अकराही वेळा त्याने तिला चेचलं होतं.

"मानसं कामाला लागली आन् ही बसलीय बोटं नाचवत," धुरपदाबाई म्हणाल्या, भिंतीलाही ऐकू जाईल अशा बेताने.

"हायेत तेवढी नाचवते, आत्या," प्रतिभा म्हणाली आणि पाचव्यांदा सुरू केलं.

उजव्या हाताला तीन होती. अंगठा, करंगळी आणि करंगळीशेजारचं. बाकीची दोन माघात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली. मक्याचं एक ताट अडकलं आणि तिने मोटार बंद न करता ते ओढलं. न्हावरे गावात सगळेच असं ओढतात. मोटार बंद करून ओढणारा माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. नवऱ्याने, ज्ञानेशने, शेजाऱ्याची जीप काढून तिला शिरूरला नेलं. मागे धुरपदाबाईंनी बांधाच्या कडेला खड्डा खणला आणि त्या दिवशीची सगळी कुट्टी पुरून टाकली. गाईला त्यातली मूठभरसुद्धा घातली नाही. त्यांची माया अशीच, खड्ड्यात पुरलेली, आणि जीभ मात्र वर मोकळी.

खेळ मिळाला तो दवाखान्यात. ड्रेसिंग करणारी गौतमी सिस्टर दौंडची, रेल्वेतल्या बापाची लेक, बोलायला फटकळ. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या कॉटवर पाय वर घेऊन ती हाच खेळ खेळायची. डॉक्टरांनी प्रतिभाला हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू दिला होता. अंगठा करंगळीशेजारच्या बोटाला भिडवायचा, दाबायचं, सोडायचं. तीन दिवसांत चेंडूचा आणि प्रतिभाचा एकमेकांना कंटाळा आला. मग गौतमीने तिच्या मोबाइलवर खेळ उतरवून दिला. फुकट आहे आणि चेंडूपेक्षा बरा, असं म्हणाली. तलवारीचं बटण सरकवून हव्या त्या जागी ठेवता येतं, तेही दाखवलं. प्रतिभाने ते मुद्दाम अशा जागी ठेवलं, की अंगठा पुरता आडवा वळवल्याशिवाय पोचू नये. दुखायचं. पहिल्या आठवड्यात मोबाइल त्या दोन बोटांवरून इतक्या वेळा निसटला, की शेजारच्या कॉटवरची म्हातारी झेल घ्यायला तयारच बसायची.

मेल्यावर पडद्यावर एक हिरवं बटण येतं. जाहिरात बघा आणि आहात तिथेच उठा. पाचापासून उलटे आकडे संपेपर्यंत ते तिथे राहतं. गौतमी ते दर वेळी दाबायची. प्रतिभाने एकदाही दाबलं नाही. गौतमीने कारण विचारलं, तेव्हा तिने सरळ सांगितलं.

"मेलं म्हंजी मेलं. उगं साबनाची जाहिरात बघून काय उठायचं?"

घरी आली, तर घरात एकच शब्द तिची वाट बघत होता. निवांत. आता तू निवांत बस. भाकरी धुरपदाबाई थापायला लागल्या, पाणी ज्ञानेश भरायला लागला. जखमेला शेण लागू नये म्हणून महिनाभर गोठ्यात जाऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ज्ञानेशने ते जन्मभरासाठी धरलं. तो वाईट नव्हता, घाबरला होता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आणि गोठ्यात हरणी होती. पाबळच्या माहेराहून आलेली कालवड, प्रतिभाने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. दोन वेतं झाली, पण प्रतिभाशिवाय कुणाचा हात तिने सडांना लावू दिला नव्हता. अख्ख्या घरात गोठा ही एकच जागा अशी, जिथे प्रतिभाला कुणी काही शिकवायला येत नसे. आता ज्ञानेश हरणीचे मागचे पाय बांधून धार काढायचा, आणि ती पान्हा चोरायची. दूध निम्म्यावर आलं. शेवटी त्याने गाय विकायचं ठरवलं. काढणारं माणूसच राहिलं नाही तर ठेवून काय करायची, म्हणाला. मी काढीन, असं प्रतिभा म्हणाली. त्याने तिच्या हाताकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्या मानेचा तिला जेवढा राग आला, तेवढा कुट्टीचाही आला नव्हता.

पाचवा डाव रंगात आला होता आणि तलवारीला आगही लागली होती, तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. दौंडकडचा गाईंचा व्यापारी जालिंदर. हँडलला नवं कोरं पिवळं दावं अडकवलेलं. विकलेल्या गाईबरोबर मालक आपलं दावं देत नाही, घेणाऱ्याने स्वतःचं आणायचं असतं. ते दावं दिसलं आणि प्रतिभाचा एक वार हुकला.

जालिंदरने चहा नंतर म्हणून सांगितलं, आधी धार. समोर धार काढल्याशिवाय कुठलाच व्यापारी गाय घेत नाही, आणि पाय बांधून काढलेली धार तर धरतच नाही. ज्ञानेशला हे ठाऊक होतं. पाहुण्यासमोर गाय अब्रू राखील अशी त्याला आशा असावी. तो बादली घेऊन बसला. हरणीची पहिली लाथ बादलीला बसली, दुसरी त्याच्या मांडीला.

"गाय लाथाडी हाय म्हना की," जालिंदर दाव्याला पीळ देत म्हणाला.

ओट्यावर बसलेल्या प्रतिभाच्या कानशिलांत रक्त चढलं. तिच्या हरणीला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. ज्ञानेश मांडी चोळत ओट्याकडे आला आणि हळू आवाजात विनवायला लागला. नुसती जवळ येऊन उभी राहा, पाठीवरून हात फिरव, म्हणजे ती पान्हा सोडेल. अडीच महिने जिला गोठ्याचा उंबरा बंद होता, तिला आता आमंत्रण होतं, ते गाय विकली जावी म्हणून गाईला चुचकारायचं. प्रतिभाने मोबाइल ओट्यावर तसाच ठेवला. सांगाड्यांना काय करायचं ते करू दे.

"उभी न्हाई ऱ्हानार. बसनार. बादली द्या."

धुरपदाबाई हाताचं काहीतरी बोलायला लागल्या, तोवर ती हरणीच्या पोटाशी बसलीसुद्धा. कास धुतली. हरणीने मान वळवून तिला हुंगलं आणि एक लांब श्वास सोडला. डाव्या हाताला काही शिकवावं लागलं नाही. उजव्याचा अंगठा तिने करंगळीशेजारच्या बोटावर आडवा वळवला, त्या बटणाकडे वळायचा तसाच, आणि दाबलं. काही आलं नाही. पुन्हा दाबलं. चार थेंब आले, तेही मनगटावर. जालिंदर गाय सोडून तिच्या हाताकडे बघत होता.

"वैनी, ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"पैल्याच दारात हाय अजून. दम धरा," प्रतिभा म्हणाली. कुणाला काही कळलं नाही.

पुढच्या दाबाला बादलीच्या तळावर धार वाजली. मग दुसरी वाजली. तुटक्या बोटांच्या खुंटांतून कळ निघून खांद्यापर्यंत जात होती, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. अंगठा थकला की ती थांबायची, पाच मोजायची आणि पुन्हा वळवायची. एरवीच्या दुप्पट वेळ लागला. ऊन उसाच्या फडाआड गेलं. हरणी मात्र चारही पायांवर शांत उभी होती, रवंथ करत. बादली भरली आणि फेस काठावर आला.

जालिंदरने फेसावर फुंकर मारून आतलं दूध बघितलं. गाय पसंत पडली. तो दावं उलगडत हरणीकडे निघाला, तर मध्ये प्रतिभा उभी, हातात बादली. ती बोलली मात्र नवऱ्याशी.

"कशापायी इकत व्हतो आपन हिला?"

"काढनारं मानूस न्हाई म्हनून," ज्ञानेश सवयीने बोलून गेला.

"मंग ही कुनी काढली?"

ज्ञानेशने तिच्या हाताकडे बघितलं. हात सुजला होता, लाल झाला होता, दुधाने ओला होता. या वेळी त्याने मान खाली घातली नाही. खुंटांपासून मनगटापर्यंत तो हात त्याने पहिल्यांदाच पुरता बघितला, आणि पुढे होऊन हरणीच्या गळ्यातल्या जुन्या दाव्याची गाठ घट्ट केली.

जालिंदरने घरातलं मोठं माणूस गाठलं. "मावशी, शबूद दिला व्हता तुमी."

धुरपदाबाई म्हणाल्या, "गाय दावायचा दिला व्हता. दावली. आता चा घ्या."

चहा घेऊन जालिंदर निघाला. जाताना पिवळं दावं त्याने खांद्यावर टाकलं होतं.

प्रतिभा ओट्यावर येऊन टेकली. मोबाइलमधली पोरगी केव्हाच मेली होती, हिरवं बटणही मोजून मोजून निघून गेलं होतं. ती मोबाइल उचलायला गेली, तर उजव्या हाताची बोटं मिटेचनात. तिने मोबाइल मांडीवर ठेवला, तिथूनही घसरला. धुरपदाबाई चहाची कपबशी घेऊन आल्या, शेजारी बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पडद्यात डोकावल्या.

"मेली का?"

"मेली."

"आन् मंग आता?"

"मंग काय. पैल्या दारापासनं."

धुरपदाबाईंनी कपबशी खाली ठेवली. मग त्यांनी शेणाचा वास येणारे हात पदराला पुसले, मोबाइल दोन्ही हातांनी आडवा धरला आणि सुनेच्या समोर आणला.

"धरते म्या," त्या म्हणाल्या. "तू मार."