पडद्यावरचा जान्या

“इथंच बसायचं, जान्या. या रेघेबाहेर सरकलास, की शेठच्या टीव्हीवरून गेलास बघ!”

हल्ली हा आवाज सुधीरला कधीही ऐकू येई. जेवताना, मोरीत हात धुताना. आवाज त्याचा स्वतःचाच होता.

सत्याऐंशी साली वडपे गावच्या केसरीनाथशेठच्या गोदामावर त्याने कॅमेरा बसवला आणि शेठच्या समोरच्या घरात टीव्ही, शिवाय चित्र टेपवर उतरवणारं यंत्र. वॉचमन जान्या पांढऱ्या सदऱ्यात काळ्या शटरपुढे बसे. तो चित्रात नीट मावावा म्हणून सुधीरने स्टुलाभोवती खडूने चौकोन आखून दिला होता. जान्या डोंगराकडचा, सांगितलेलं मोडणं त्याला जमतच नसे. खडू पुसट झाला, की तोच पुन्हा ओढून घेई.

दोन वर्षांनी, एका रविवारी भरदुपारी, गोदाम बंद असताना त्याच्या छातीत कळ आली. पुढे सुधीरने टेपवर पाहिलं. जान्याचा हात छातीशी गेला. सात पावलांवरच्या माठाकडे त्याने पाहिलं, मग पायाजवळच्या रेघेकडे. आणि बसूनच राहिला. शेठ घरी जेवत होते. टीव्हीत जान्या बसलेला दिसत होता, म्हणजे सगळं ठीक. संध्याकाळी कोणी हात लावला तेव्हा तो थंड पडला होता.

आता स्टूल रिकामं असे, पण टीव्हीत त्यावर काळसर माणूस दिसे.

“त्याला काढ पयला,” शेठ म्हणाले. “नवा गडी टिकत न्हाय.”

“भूत नाही, शेठ. कॅमेऱ्यात काचेची नळी असते. एकच उजळ वस्तू सतत समोर राहिली, की तिचा डाग आत जळतो. सदरा पांढरा, म्हणून डाग काळा.”

“डाग म्हन न्हायतर भूत म्हन! नळी बदल. जुनी दे खाडीत फेकून.”

सुधीर नवी नळी घेऊन आला, त्या दिवशी जान्याची बायको मंगळी दारात उभी होती. गोष्ट डोंगरातल्या त्यांच्या पाड्यापर्यंत पोचली होती. तिने टीव्हीकडे टक लावून पाहिलं. रडली नाही.

“मान तिरपी हाय. त्याचीच.” मग वळून विचारलं, “त्याला हितं बसाया कोनी सांगितलं व्हतं?”

शेठ आत गेले होते. सुधीरला खोटं बोलता आलं असतं.

“मी.”

“मंग तूच आन त्याला घरी. पन चालत आन. मोटारीत त्याला मळमळायचं.”

“आणतो.”

“शेरातली मानसं आज बोलतात, उद्या इसरतात.”

“मंगळीबाई, उद्याच आणतो.”

कॅमेऱ्यातून काढलेली जुनी नळी रात्रभर सुधीरच्या उशाशी होती. सकाळी त्याच्या आईचा, माईंचा, गुरुवार. पूजा आटोपून त्या बाहेर आल्या, तर सुधीर नळी समोर ठेवून बसलेला. त्याने सगळं सांगितलं. माईंनी ऐकून घेतलं. आत जाऊन पोथीचं धुतलेलं फडकं आणलं आणि नळी त्यात गुंडाळली, लहान लेकरू गुंडाळावं तशी.

“तिथं गेल्यावर तिला काय सांगू, माई?”

“जे झालं ते. माठाचंसुद्धा.”

सुधीरने मान खाली घातली. स्कूटरची किल्ली खुंटीला अडकवली, नळी छातीशी धरली आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. निजामपुऱ्यात गल्लोगल्ली कापडाचे लूम धडधडत होते. उन्हात तो पाड्याच्या दिशेने पायीच निघाला.