आडव्या आठापर्यंत

जुन्या लेन्स स्वस्त मिळतात, कारण त्या कोणालाच नको असतात. कॅमेरा स्वतःहून फोकस करत असताना बोटांनी रिंग फिरवत बसायची हौस कोणाला? मला होती. हौस कसली, ऐपतच तेवढी होती.

त्यातली ही अठ्ठावीस मिलिमीटरची लेन्स मी रद्दीच्या भावात उचलली. समोरचं ऐसपैस मावेल अशी, पण आतल्या काचेवर बुरशी. घरी आणून बाबांच्या टेबलावर ठेवली. बाबांनी जन्मभर कॅमेरे दुरुस्त केले. दुकान बंद झालं, आई गेली, तरी त्यांचं टेबल खिडकीखाली तसंच आहे. "कुठून उचलून आणतेस ही मढी?" असं म्हणत त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि संध्याकाळपर्यंत लेन्स लख्ख करून माझ्या हातात दिली.

घरात आम्ही दोघंच, आणि खोल्याही दोनच. समोरच्या इमारतीची भिंत इतकी जवळ, की खिडकीतून हात काढून टिचकी मारावी. दादा लग्न करून वेगळा राहतो आणि अधूनमधून फोनवर म्हणतो, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त." त्याच्या निर्धास्तपणासाठी मी कामावरून सुटले की तडक घर गाठते. काम म्हणजे ओळखपत्राचे फोटो काढायचे. स्टुडिओत खुर्ची जमिनीला ठोकलेली आणि कॅमेरा भिंतीला. माणसं येतात, हनुवटी वर करतात, जातात. कधीकधी वाटतं, ठोकलेली मीच आहे.

अशात दुसऱ्या शहरातून एका बाईंचा निरोप आला. त्या पुलांचे आणि धरणांचे फोटो काढतात. माझं काम त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. "माझ्या हाताखाली ये, राहायची सोय करते," त्या म्हणाल्या. "पण तुझं सगळं खोलीतलंच दिसतंय. मोकळ्यावरचे, लांबचे थोडे फोटो पाठव, मग पक्कं करू." मी बाबांना भीत भीत सांगितलं. "जा की," ते म्हणाले. "मला काय धाड भरलीय?"

सुट्टीच्या दिवशी ती लेन्स घेऊन नदीवर गेले. रिंग शेवटपर्यंत फिरवली. तिथे आडवा आठ कोरलेला असतो, म्हणजे इथून पुढे कितीही लांबचं स्पष्ट दिसावं. पुढ्यातला कठडा अगदी रेखीव आला, त्यावरचा गंजसुद्धा. पलीकडचा पूल मात्र पार धुरकट. दहा वेळा काढला, दहाही वेळा तेच.

"जुना माल तो," बाबा म्हणाले. "त्याला नाही दिसायचं लांबचं. जवळचं काढ."

मला ते पटेना. जुने कॅमेरे विकणारा एक जण आहे, त्याला सगळा बाजार भंगारशेठ म्हणतो. एकेकाळी बाबांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने रिंग दोनदा फिरवली आणि हसला. "ही कोणी उघडली होती? नवशिका दिसतोय."

"का?"

"आतल्या रिंगेचे आटे एकाच जागी सुरू होत नाहीत, चार-पाच जागी होतात. उघडताना रिंग जिथे सुटते, तिथे टोचणीने खूण करायची आणि बसवताना तिथूनच धरायची. याने भलताच आटा धरलाय. काच आडव्या आठापर्यंत पोचतच नाही. तुझ्या बाबांनी पहिल्याच दिवशी कान पिळून शिकवलं होतं मला हे. त्यांना सांग, हसतील. ठेवून जा, लावून देतो मी."

मी लेन्स परत घेतली.

रस्ताभर मी बाबांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. मुद्दाम केलं. मी जाऊ नये म्हणून केलं. तोंडाने 'जा की' आणि हाताने हे. मग जिन्यात पाय थबकले. मुद्दाम केलं नसेल तर? परवा त्यांनी दुधाचं भांडं कपाटात ठेवलं होतं आणि मी हसण्यावारी नेलं होतं. पुढच्या पायऱ्या चढताना मी मनापासून मागत होते, माझा बाप लबाड निघू दे. लबाड बापाला सोडून जाता येतं.

"ही परत उघडा," मी म्हणाले आणि शेजारी उभी राहिले.

बाबांनी उघडली. हात स्थिर होते, स्क्रू ओळीने मांडले. रिंग फिरत फिरत सुटत आली. टोचणी हाताशीच होती. रिंग सुटली, आणि बाबांनी खूण केली नाही. दोन्ही भाग धरून ते बघत बसले. एका आट्यावर लावून पाहिलं, काढलं, दुसऱ्यावर लावलं.

"बाबा, खूण?" मी हळूच विचारलं.

त्यांनी टोचणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला काय कळलंय, ते त्यांना कळलं.

"मागच्या वेळी मुद्दाम केलं मी," ते म्हणाले. "तू जाऊ नयेस म्हणून. स्वार्थी आहे तुझा बाप. जा तू, निघून जा."

बाबांना खोटं बोलता येत नाही. हे सगळं ते माझ्याशी नाही, त्या रिंगेशी बोलत होते. मी रागावून निघून जावं, एवढी वाट त्यांनी मला करून दिली होती. मला रडू फुटत होतं. ते दाबायला मी आवाज चढवला. "लाज नाही वाटली? पोटच्या पोरीला असं अडकवून ठेवता?" ते मान खाली घालून ऐकत होते. गुन्हेगार ठरल्याचं त्यांना बरंच वाटत असावं. मलाही बोलता बोलता ते खरं वाटायला लागलं. क्षणभर मी मनात बॅगसुद्धा भरली.

मग त्यांनी हातातले दोन्ही भाग उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "हे आपण कशाला उघडलंय गं?"

"सहज," मी म्हणाले. फोन घेऊन आतल्या खोलीत गेले आणि त्या बाईंना सांगितलं, की माझं यायचं जमणार नाही.