मी, कॅटफिश डेप्युटीजची फसलेली रेकॉर्ड

"तुमच्या दुकानातली सगळ्यात भंगार रेकॉर्ड कोणती?"

मित्रांनो, हा प्रश्न कॅनडातल्या व्हिटबी गावात, जुन्या रेकॉर्डच्या एका दुकानात, भर दुपारी, खणखणीत आवाजात विचारला गेला. विचारणारी होती ऊर्मी, ग्रेड टेनमधली. तिला हे विचारायची पैज लावणाऱ्या तिच्या दोन मैत्रिणी, केया आणि श्रावणी, दारापाशी तोंडावर हात दाबून हसत होत्या. ही विचारणारच नाही, अशी त्यांची खात्री होती. आणि गेल्या वर्षीच्या ऊर्मीने खरंच विचारलं नसतं. ती पिझ्झासुद्धा बाबांना फोन करायला लावून मागवायची! पण ही ऊर्मी नवी होती. विचारून झाल्यावर पळाली नाही, कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट बघत उभी राहिली.

दुकानाचा मालक डग. पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा. तो हसला नाही की रागावला नाही. वाकून त्याने काउंटरखालून एक रेकॉर्ड काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"ही."

ही म्हणजे मी!

तुम्हाला वाटेल, मला वाईट वाटलं असेल. थोडं वाटलं. पण त्याहून जास्त मला उत्सुकता वाटली. कारण जन्मल्यापासून मला एकच कोडं पडलं होतं, की मी नावडती का? रेकॉर्डचं हे एक विचित्रच असतं बघा. सगळं गाणं आपल्या अंगावर कोरलेलं, पण ते कसं आहे हे दुसऱ्या कुणीतरी ऐकून सांगावं लागतं.

माझी जन्मकथा तशी थाटाची आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातला एक जुना रॉक बँड, नाव 'कॅटफिश डेप्युटीज'. गिटारा तीन, दाढ्या पाच, आणि गाणारा अर्ल, ज्याच्या आवाजात म्हणे डिझेल आणि मध एकत्र ओतलेलं होतं. हे सगळे म्हातारे झाल्यावर एकदा इकडे ऑन्टॅरिओत आले आणि तळ्याकाठच्या एका मैदानावर गायले. त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली. तीच मी! म्हणजे, तीच मी व्हायला हवी होते. मध्ये काय झालं ते पुढे कळेलच.

कारखान्यात काळ्या प्लॅस्टिकचा गरम गोळा दोन साच्यांमध्ये ठेवला आणि पुरी लाटायच्या यंत्रात दाबावी तसा दाबला. थंड झाले तेव्हा माझ्या अंगावर बारीक बारीक रेघा उमटल्या होत्या. वर चकचकीत कव्हर, कव्हरवर मावळता सूर्य आणि पाच दाढ्या. काय रुबाब होता माझा! आणि मग लोकांनी मला ऐकलं. कुणी लिहिलं, "निराशा." कुणी लिहिलं, "कोमट." कोमट! एका रॉक बँडला! माझ्या पहिल्या मालकाने मला एकदाच वाजवलं आणि मग मनी प्लांटच्या कुंडीखाली ठेवलं. कव्हरवरच्या सूर्याभोवती कुंडीचा गोल डाग आहे, तो तिथला. तिथून मी डगच्या दुकानात आले. त्याने मला इतरांसारखं खोक्यात लावलं नाही, काउंटरखाली ठेवलं. का, ते मला ठाऊक नव्हतं. हे दुसरं कोडं.

"घेऊन जा," डग म्हणाला. "पण पूर्ण ऐकायची. अर्धवट ऐकून हसायचं नाही."

"डील," ऊर्मी म्हणाली.

तिच्या घराच्या बेसमेंटमध्ये एक टर्नटेबल होता. तिच्या बाबांनी, म्हणजे संजयने, हौसेने आणलेला आणि आता बर्फासाठीच्या विंटर टायर्सच्या शेजारी धूळ खात पडलेला. ऊर्मीने बाहीनेच धूळ पुसली. सुई टेकली. आणि मी गायला लागले.

केया पहिल्याच गाण्याला आडवी झाली. "हे लिफ्टमध्ये लावतात ते म्युझिक आहे."

"अगं, लिफ्टमधलं बरं असतं," श्रावणी म्हणाली. "आपला मजला आला की संपतं तरी."

ऊर्मी मात्र हसत नव्हती. कान देऊन बसली होती. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, गर्दीतून कुणीतरी लांबलचक शिट्टी मारली. दुसरं गाणं संपलं. टाळ्या, शिट्टी. तिसरं संपलं. टाळ्या, आणि...

"थांबा थांबा थांबा!" ऊर्मी ताडकन उठली. "हा शिट्टीवाला बघा! दर गाण्याला अगदी तश्शीच शिट्टी! शेवटी तोच हेलकावा, आणि मग त्याच बाईचं तेच हसू!"

तिघींनी पुन्हा ऐकलं. खरंच की! टाळ्या एकच होत्या, सगळीकडे चिकटवलेल्या. मला तर धक्काच बसला. म्हणजे माझ्या अंगावरची गर्दी खोटी?

"आणि हा अर्ल बघा," ऊर्मी कव्हर वाचत म्हणाली. "म्हातारा माणूस उघड्या मैदानात गातोय, तरी कुठे धाप नाही, खोकला नाही, वारा नाही. याने हे नंतर खोलीत बसून गायलंय. सगळं पुसून घेतलंय गं!"

मित्रांनो, इतकी वर्षं पडलेलं कोडं एका मुलीने सोडवलं. मी वाईट नव्हते, मी पुसलेली होते! अर्लचा आवाज हलला, तो काढला. बोटं चुकली, ती झाकली. इतकं स्वच्छ केलं, की ऐकण्यासारखं काही उरलंच नाही.

केया आणि श्रावणी घरी गेल्या. ऊर्मीने मला उलटवलं. दुसरी बाजू, तिसरं गाणं. आणि इथे, पहिलं कडवं संपल्यावर, अर्ल थांबला. नुसता थांबला. गिटारा फिरत राहिल्या. एक खोकला. माइकवर वाऱ्याचा फरफराट. अर्ल पुढचं कडवं विसरला होता! मग लांबून एक बेसूर आवाज उठला, मग दहा, मग शेकडो. सगळं मैदान ते कडवं गाऊ लागलं, कुणी मागे, कुणी पुढे. आणि त्या गोंगाटात अर्ल हसला. पोटापासून हसला आणि गर्दीच्या मागोमाग स्वतःही गाऊ लागला.

ऊर्मीने सुई उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. पुन्हा. आणि पुन्हा.

तिचे डोळे का भरले, ते मला वरून येणाऱ्या आवाजांमुळे कळलं.

"सीमा, ऐक ना," बाबा जिन्यावरून म्हणत होते, "तिचा तो वरचा सूर जरा हलत होता, तो मी सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून टाकलाय. आता एकदम परफेक्ट."

"पाठवून दे मग प्रणवकाकांना," आई म्हणाली. "साउंड त्यांच्याकडेच आहे. या वेळी कुणाचंही रडं नको बाई."

झालं होतं असं. गेल्या गणपतीत, मंडळाच्या कार्यक्रमात, ऊर्मी स्टेजवर गवळण गाताना मधलं कडवं विसरली होती. सभागृह गप्प. ती पळत वॉशरूममध्ये गेली आणि कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर आलीच नाही. तिची आई मंडळाच्या सांस्कृतिक समितीत. लेकीचं ते दार आतून बंद झालेलं तिला बघवलं नाही, म्हणून या वर्षी समितीने नियमच केला: सगळ्यांनी घरून गाणं रेकॉर्ड करून द्यायचं, स्टेजवर ट्रॅक लागेल, मुलांनी नुसते ओठ हलवायचे. ऊर्मीची गवळण बाबांनी जॅकेटांच्या कपाटात बसवून रेकॉर्ड केली होती, म्हणजे आवाज घुमत नाही. मायेनेच केलं होतं सगळं. अर्लचं गाणंही कुणीतरी मायेनेच पुसलं असेल, नाही का?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ऊर्मी मला बॅगेत घालून थेट दुकानात गेली.

"डग, तुम्ही खोटं बोललात. ही सगळ्यात वाईट नाहीये. दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं..."

"सापडलं तुला?" डगचा चष्मा आणखी खाली घसरला. "त्या गर्दीत मी आहे. आधी सुरुवात करणारा तो बेसूर रेडा... तो मीच."

"तुम्ही? मग भंगार का म्हणालात हिला?"

"कारण मी तिथे होतो ना! ती अख्खी संध्याकाळ तशीच होती. वारा, चुका, हसू. आणि यांनी मला काय दिलं? इस्त्री केलेला सदरा. तेवढा एक तुकडा राहून गेला, कारण गर्दीला परत खोलीत बोलावून कोण गाऊन घेणार? तेवढ्यासाठी ठेवलीय हिला जवळ."

म्हणून मी काउंटरखाली होते! दुसरं कोडंही सुटलं.

ऊर्मीने हळूच विचारलं, "विसरला तेव्हा अर्ल कसा दिसत होता?"

"घाबरलेला. तुझ्यामाझ्यासारखा. पण पळाला नाही. आमच्याकडे बघत राहिला. मग काय, आम्हाला गावंच लागलं."

मित्रांनो, मला जपायचं तर धूळ मऊ फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका, कुंडीखाली तर मुळीच नको. तेवढं पुसणं पुष्कळ झालं. पण कुणाचा खोकला, कुणाची धाप, कुणाचं अडखळणं पुसायला जाऊ नका. माझ्याकडे बघा, मी सगळी स्वच्छ आहे आणि मला कुणी ऐकत नाही. माझ्या अंगावर बोटभर जागा मळकी राहिली, आणि त्याच जागेवर एका मुलीची सुई पुन्हा पुन्हा येते.

त्या संध्याकाळी बेसमेंटमध्ये बाबा लॅपटॉप घेऊन बसले होते, आई घड्या घालायला कपड्यांचा ढीग घेऊन आली होती. ऊर्मीने मला टर्नटेबलवर ठेवलं आणि सुई बरोबर त्या जागी टेकवली. अर्ल थांबला. गिटारा फिरत राहिल्या. खोकला. मग डग आणि ते सगळं मैदान.

"कोण गं हा? विसरला की काय बिचारा?" आई हातातला टॉवेल तसाच धरून म्हणाली.

"हो. विसरला."

आईने टॉवेल ढिगावर ठेवला. बाबांनी लॅपटॉप अर्धा मिटला. मग अर्ल हसला.

एरवी घरात इंग्रजीतच उत्तरं देणारी ऊर्मी टर्नटेबलसमोर ताठ उभी राहिली. कमरेवर हात.

"आई, बाबा, तो ट्रॅक प्रणवकाकांना पाठवू नका. मी ओठ हलवणार नाहीये, मी गाणार आहे. आणि विसरले ना, तर पळणार नाही, तिथेच उभी राहून तुमच्याकडे बघेन. पुढचं कडवं तुम्ही सुरू करायचं!"