लोकरीचा स्टुडिओ

बोरीत आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक दगडी खोली आहे. दरसाल तिच्यात सोयाबीनची पोती पडायची. यंदा श्रावणात माझी नात शालू पुण्याहून आली ती कॉम्प्युटर, दोन माइक आणि गुडघ्याएवढे दोन स्पीकर घेऊनच. पाच वर्षं ती तिथल्या एका स्टुडिओत दुसऱ्यांची गाणी नीटनेटकी करून देत होती. बापाला म्हणाली, "पप्पा, मागची खोली मला द्या. इथंच स्टुडिओ करते."

"अन् सोयाबीन काय माझ्या डोक्यावर ठेवू?" हरिओम म्हणाला. हरिओम माझा पोरगा. माझ्यावर गेला असता तर हसून हो म्हणाला असता, पण तो पडला आईच्या वळणाचा. त्यानं अट घातली. "सोयाबीन निघंपर्यंत खोली तुझी. तेवढ्यात एक गाणं असं कर, की लोकं म्हणले पायजेत, पुन्हा लावा. म्हणले, तर खोली कायमची तुझी. न्हाई म्हणले, तर पोती आत अन् तू पुण्याला."

शालूनं मान डोलावली. मग खोलीत जाऊन एक टाळी वाजवली. ती टाळी चारही भिंतींना भेटून, रामराम घालून परत आली.

"भिंती लय बोलायल्यात, आबा. ह्यांचं तोंड बंद करायला कायतरी मऊ पायजे."

मी म्हणालो, "मेंढराची लोकर भर. आपली ऐंशी मेंढरं हायत. त्यांनी आजवर कुणाचं ऐकलंय?"

शालू हसली, पण तिला ते पटलं. लाकडी चौकटी करायच्या, आत लोकर ठासायची, वरून गोणपाट ठोकायचं. फक्त एक बजावलं, "लोकर तीन पाण्यानं धुवा, आबा. मेंढराचा वास राहता कामा न्हाई." आता लिहायला हरकत नाही; मी एक मूठभर लोकर धुतली आणि तीच तिला हुंगायला दिली. बाकीची तशीच भरली. सत्तर वर्षं ज्या वासात झोपलो, तो वास धुवायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं.

पण खोली अशी झाली की विचारू नका. आत बोललेला शब्द भिंतीपर्यंत जायचाच नाही, मधेच पायाशी पडायचा. मी रोज संध्याकाळी ते शब्द झाडून सूपभर उकिरड्यावर टाकायचो. चार दिवसांनी उकिरडा आपला आपणच कुरकुरायला लागला. गावातला एक माणूस आत जाऊन उभा राहिला तर त्याला स्वतःच्या पोटातली भाकरी पचताना ऐकू आली, आणि ती शिळी आहे हेही आवाजावरून कळलं. ज्याला खोटं वाटतं त्यानं बोरीला येऊन विचारावं.

तेवढ्यात आमच्याच गल्लीतल्या राधाकिशनच्या नातीचं बारसं ठरलं. बोरीत बारसं म्हटलं की पाळणा भिवराबाईचाच. भिवराबाई माझी थोरली वैनी. पाळणा ती स्वतः जुळवते. ज्या घरचं लेकरू, त्या घरची विहीर, गाय, आत्या सगळं त्यात घालते. पण औंदा तिचे गुडघे धरलेले. तिला तास-तासभर पाळण्यापाशी उभं राहवेना. राधाकिशन म्हणाला, "शालू, वैनीबाईचा पाळणा माइकवर भरून दे. स्पीकरवर लावू."

शालूला तिचं गाणं मिळालं. बारसं आठ दिवसांवर होतं आणि सोयाबीनही तेव्हाच घरी येणार होतं.

भिवराबाईला उचलून खुर्चीवर बसवलं, पुढं माइक लावला. बाई इकडंतिकडं बघून कुजबुजली, "शालू, कोण आजारी हाय गं इथं?"

"कुणी न्हाई, मोठ्याई. तुमी म्हणा."

बाईनं तोंड उघडलं. आवाज निघाला तो दवाखान्यात विचारपूस करतात तसा. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस हेच. शेवटी बाई रडकुंडीला आली. "ह्या खोलीत माझं मलाच ऐकू यायलंय. आपल्या एकट्यासाठी कुणी पाळणा म्हणतंय का?"

चौथ्या दिवशी दुपारी मी कोकरं मेंढरांच्या वाड्यातून मोकळी सोडली. त्यांच्या आया लांब चरायला गेलेल्या. कोकरांनी नाक वर केलं आणि सरळ स्टुडिओची भिंत गाठली. भिंतीत आईचा वास! फटीला नाकं लावून वीसच्या वीस कोकरं ओरडायला लागली. दार उघडं राहिलेलं; तीन तर आत घुसून गोणपाट चोखायला लागली, त्यांच्यामागं मी धावलो.

शालूनं माझ्याकडं बघितलं. "आबा, किती पाण्यानं धुतली?"

मी छताकडं बघितलं.

ती काही बोलणार, तेवढ्यात खुर्चीतून आवाज उठला. एक काळं कोकरू भिवराबाईच्या मांडीला डोकं घासत होतं, बाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता आणि पाळणा सुरू झाला होता. आवाज असा, की अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या कुशीवर वळल्या. शालूनं ओठांवर बोट ठेवलं आणि बटण दाबलं.

पुढचं काम मिक्सिंगचं. कॉम्प्युटरवर भिवराबाईचा आवाज बालाघाटाच्या डोंगररांगेसारखा दिसायचा आणि कोकरं मधे मधे बाभळीसारखी. शालूनं दोन दिवस बसून एकेक बाभळ तोडली. मग मला ऐकवलं.

"कसं वाटतंय?"

"साफ हाय," मी म्हणालो. "पर म्हातारी कुणासाठी म्हणायलीय ते कळंना."

तिनं कॉम्प्युटर पुन्हा उघडला. मग तिनं सगळी कोकरं परत आणली, पण जागच्या जागी नाही. दोन डाव्या कानाला, चार उजव्या कानाला, बाकीची लांब, घरामागं वाडा असल्यासारखी. भिवराबाईला ऐकवलं तर म्हणाली, "माझा आवाज जरा बारीक कर माय, लोकं म्हणतील म्हातारी वरडायलीय. अन् ते काळं कोकरू मोठं कर, ते लय गुणाचं हाय." शालूनं दोन्हीला हो म्हटलं आणि दोन्ही केलं नाही. तिचं पुण्याचं शिक्षण मला तिथं दिसलं.

बारशाच्या दिवशी सकाळी हरिओमचा ट्रॅक्टर पोत्यांनी भरून गल्लीत उभा. इंजिन चालूच ठेवलेलं. राधाकिशनच्या दारात बायका गोळा झाल्या, पाळण्यात पोरगी टाहो फोडत होती. शालूनं गाणं लावलं.

डावीकडून कोकरू बोललं. पोरगी दचकून गप्प झाली आणि डावीकडं बघायला लागली. उजवीकडून बोललं, उजवीकडं. मग भिवराबाईचा आवाज आला. दुसऱ्या कडव्याला एक बाई गुणगुणली, तिसऱ्याला सगळ्या. गाणं संपलं, स्पीकर थांबला, पण बायका थांबेनात. त्यांनी पुढची कडवी जागच्या जागी जुळवली, राधाकिशनच्या मोटारसायकलवरसुद्धा एक जुळवलं. अर्धा तास चाललं. मग नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या आणि सगळ्या घरी गेल्या.

"पुन्हा लावा" कुणीच म्हटलं नाही.

हरिओम ट्रॅक्टरवरून उतरला. "म्हणलं का कुणी?"

"न्हाई, पप्पा," शालू म्हणाली. ती वायर गुंडाळत होती, मान वर न करता.

तो पोत्यांकडं वळला. एका पोत्याचं तोंड घट्ट होतं, ते सोडून उगाच परत बांधलं. मग ड्रायव्हरवर खेकसला, "बंद कर रे ते इंजिन! त्याच्या आवाजात मला काय कळलं न्हाई." आणि शालूकडं न बघता म्हणाला, "पुन्हा लाव."

तिनं लावलं. तो गल्लीतल्या दगडावर बसून पुरतं ऐकत राहिला. संपल्यावर उठला, धोतर झटकलं. "पोती वसरीत टाका," ड्रायव्हरला म्हणाला.

वसरीत, म्हणजे ओसरीवर, माझी बाज असते. आता मी सोयाबीनवर झोपतो.