साळूबाईचा पहारा

सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नाही. पुढच्या माळकऱ्यानं आधीच्याच्या पाया पडून ती गळ्यात घ्यायची आणि आपला पहारा उभ्यानं करायचा. पोलादपूरच्या डोंगरातल्या या वाडीत हा मान पुरुषांचाच. माळ साळूबाईच्याही गळ्यात होती. दरवर्षी सप्ताहाच्या बैठकीच्या दारात उभी राहून ती म्हणायची, "मलाबी एक पहारा द्या."

सप्ताहाचा प्रमुख तिचाच नवरा, येसाजी. तो विचारायचा, "आपल्या वाडीत बाईनं पहारा केलेला कुनी बगितलाय?"

"आता बगतील की."

मग तिला टोप घासायला धाडत. टोप घासून बाई पुन्हा दारात हजर. देवानंही हात टेकले असते, पण येसाजी देव नव्हता.

यंदा सप्ताहातच महाडला वाडीच्या संघाची क्रिकेटची फायनल आली. मुंबईकर पोरांनी टेम्पो केला. पुढचा पहारा साळूबाईचे चुलतसासरे हरिबा यांचा, पण तेही 'आलोच' म्हणत टेम्पोत चढले, आणि त्यांच्यामागून बाकीचे माळकरी. देवळात उरले वीणा घेतलेला येसाजी आणि टाळ कुटणाऱ्या बायका.

येसाजीनं जेवणावर तांब्याभर ताक रिचवलं होतं. थोड्या वेळानं तो जागच्या जागी नाचू लागला. बायकांना वाटलं, भजनाला रंग चढला. त्यांनी टाळांची लय वाढवली. साळूबाईनं मात्र बरोबर ओळखलं.

"धर गो जरा," येसाजी घायकुतीला येऊन म्हणाला.

"जरा नाय. पहारा म्हणा."

"बरं, पहारा. घे आता."

साळूबाईनं पदर खोचला, सावकाश वाकून रीतसर नमस्कार केला आणि वीणा घेतली. येसाजी धूम पळाला. वीणा गळ्यात येताच तिला भरून आलं. डोळे मिटून ती नाम घेऊ लागली.

हातपाय धुऊन आलेल्या येसाजीनं वीणेसाठी हात पुढे केले. साळूबाईनं नजरेनंच आपले पाय दाखवले. त्यानं हात मागे घेतले.

तेवढ्यात टेम्पो आला. हरलेली मंडळी देवळात शिरली आणि दारातच थबकली.

"काका, पहारा तुमचा," येसाजी म्हणाला.

"सुनेच्या पाया पडू?" हरिबा खांबाआड सरकले. बाकीच्या माळकऱ्यांना एकाएकी टेम्पोतलं सामान आठवलं.

दिवेलागण झाली. चूल थंडच होती, कारण सप्ताहाचा स्वयंपाक करणारी वीणा घेऊन उभी होती आणि बाकीच्या बायका टाळ सोडायला तयार नव्हत्या. पंगतीची पोटं कुरकुरू लागली.

शेवटी येसाजी पुढे झाला. गुडघे धरत वाकला आणि त्यानं खरोखर कपाळ टेकवलं. तिला पहारा हवा होता, हे नको होतं. वाकलेला नवरा तिला फार म्हातारा दिसला. तिनं त्याला हात देऊन उठवलं, वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि स्वतःही त्याच्या पाया पडली.

मग विचारलंच, "उद्या माझा पहारा कवा?"

तिच्यामागून वीणा कोण घेणार, हाच प्रत्येकाला घोर.

"माझ्या आधी," येसाजी म्हणाला.