दहा दिवसांचे खरे आकडे

मी तापमापक. मी बोलतोय म्हणून दचकू नका. आजवर गप्प बसून जे वाटोळं झालं, तेवढं पुरे.

ताप आला की काखेत धरतात तो मी नव्हे. तो माझा लाडका धाकटा भाऊ, त्याला सगळे झटकतात आणि धुऊन डबीत ठेवतात. मी हवेचा. एका घराच्या मागच्या अंगणात, पांढऱ्या रंगाच्या फटीफटींच्या लाकडी पेटीत मी तीस वर्षं टांगलेला आहे. माझी काचेची नळी खाली वाकून पुन्हा वर आलेली, तिच्यात पारा, आणि पाऱ्यावर दोन्हीकडे एकेक बारीक पोलादी सुई. पारा सुईला ढकलत नेतो आणि स्वतः मागे फिरतो, सुई मात्र तिथेच अडकून राहते. एक सुई दिवसाचा सगळ्यात जास्त आकडा सांगते, दुसरी सगळ्यात कमी. वाचून झालं की चुंबकाने दोन्ही सुया ओढून परत पाऱ्यावर टेकवायच्या. तसं नाही केलं, तर मी कालचंच दळण दळत बसतो. माझ्या जातीचा हा दोष आहे, मी तो कधी लपवला नाही.

माझे मालक कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि मालक दात बसवून द्यायचे. केसाएवढा फरक त्यांना खपत नसे. मालकीणबाई पडदे शिवायच्या. घरात एकीकडे मशीनची खडखड, एकीकडे कानशीची खरखर, आणि सकाळी आठला दोन्ही बंद. मालक पेटीचं दार उघडून माझ्यासमोर उभे राहायचे आणि ओरडायचे, "बावीस! नऊ!" स्वयंपाकघरातून बाई वहीत लिहून घ्यायच्या. मग मालक खिशातलं चुंबक काढून सुया खाली आणायचे. त्यांची पाठ घराकडे असायची. बाईंनी हे काम कधी पाहिलंच नाही. त्यांना पाहायची गरजही नव्हती, आकडा कानावर येत होता.

मालकांसारखे चाळीसेक लोक ठिकठिकाणी होते. स्वतःला ते हवावेडे म्हणवून घ्यायचे. कोणी बंदरावरची शिक्षिका, कोणी डोंगरातला पोस्टमन. सगळे रोज आपापले आकडे फोनवरून एकमेकांना पाठवायचे आणि लग्नाच्या बातमीसारखे त्यावर तुटून पडायचे. त्यांचा एक नियम होता. तीस वर्षांत एकही दिवस न चुकता नोंद झाली, तरच ते ठिकाण त्यांच्या कायमच्या सरासरीत धरायचं. आमची तीस वर्षं या एप्रिलच्या शेवटच्या तारखेला भरणार होती. मालकांना दुसरं काही नको होतं. मुलंबाळं नाहीत, नावाची पाटीसुद्धा लावली नव्हती. "आपल्या मागे एवढी वही खरी राहिली की झालं," असं ते म्हणायचे.

या वर्षीचा वसंत चक्रमच निघाला. डोंगरातल्या पोस्टमनने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पंखा काढला आणि बंदरावरची बाई स्वेटर घालून शाळेत जायला लागली. "काय चाललंय काय?" एवढंच सगळे एकमेकांना विचारत होते. मालक तर हरखून गेले होते.

नऊ तारखेला त्यांनी आकडे सांगितले, सुया टेकवल्या, पेटी बंद केली आणि अंगणातच कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

बाई चार दिवस दवाखान्यात होत्या. पण आठच्या ठोक्याला धावत घरी यायच्या, डोळ्यांना चष्मा लावून माझ्या सुया वाचायच्या, वहीत लिहायच्या, फोनवर पाठवायच्या आणि तशाच उलट पावली निघून जायच्या. दार लावताना रोज पेटीवर हात ठेवून म्हणायच्या, "त्यांची वही मी तुटू देणार नाही, बघ."

अहो बाई, सुया! माझा जीव तुटत होता. पण काचेला तोंड कुठलं?

मालकांचा सदरा धुताना त्यांना खिशात चुंबक सापडलं. बरं झालं म्हणून त्यांनी ते फ्रिजच्या दाराला लावलं, आणि त्याखाली औषधांच्या वेळांचा कागद.

आधी ऊन वाढत गेलं तेव्हा निदान मोठा आकडा तरी खरा निघत होता. बारा तारखेला एकतीसला पोचलो. मग एकाएकी गारठा आला. मी घसरत घसरत एक अंशापर्यंत गेलो, पण एकतीसची सुई ढिम्म हलली नाही. बाईंनी आपलं डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. पंधरा तारखेला वहीत पडलं, कमाल एकतीस, किमान एक. चोवीस तासांत तीस अंशांचा फरक! हवावेडे नाचायचे तेवढे बाकी राहिले. एरवी कोणीतरी शंका काढली असती, पण त्या वसंतात सगळीकडेच इतकं विपरीत घडत होतं की हेही खपून गेलं. इथल्या एका वर्तमानपत्रात चार ओळींची बातमीसुद्धा आली.

मालक चौदा तारखेलाच घरी आले होते. त्यांची खाट खिडकीपाशी टाकली होती, तिथून मी समोर दिसायचो. दुसऱ्याच सकाळी त्यांनी बाईंना पेटीपाशी पाहिलं. बाईंनी वाचलं, दार लावलं आणि त्या वळल्या. मालकांचे डोळे मोठे झाले. त्यांनी डावा हात उचलला आणि बोटं हवेत वरून खाली ओढली. पुन्हा ओढली. पुन्हा.

"ऊन येतंय का डोळ्यांवर?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीचा पडदा खाली सोडला.

जन्मभर पडदे शिवलेली बाई ती. वरून खाली हात म्हणजे तिला दुसरं काय सुचणार? त्यांनी पाटी-पेन्सिलही देऊन पाहिली, पण मालकांच्या हातून नुसत्या रेघा उमटल्या. पडद्याआडून मला त्यांचा घुसमटलेला आवाज ऐकू यायचा, आणि बाईंची समजूत. "हो, हो. सोडलाय ना पडदा. आता जरा झोपा बघू."

वर्तमानपत्र आलं त्या दिवशी बाईंनी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. मालक हमसून हमसून रडले. बाई शेजारणीला फोनवर सांगत होत्या, "अगं, किती आनंद झाला त्यांना! इतक्या दिवसांत पहिल्यांदा."

मला फुटून जावंसं वाटलं.

वीस तारखेला हवावेड्यांचे चिटणीस स्वतः आले. पाच दिवस तेच आकडे पाहून त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. पेटी उघडून ते नुसते बघत राहिले.

"वहिनी, वाचून झालं की सुया चुंबकाने खाली घेता ना?"

"कसलं चुंबक?"

चिटणीस पायरीवर बसले आणि चष्मा काढून पुसायला लागले. बाई आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "एक फ्रिजला लावलंय."

चिटणीस माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाईंना एका शब्दाने दोष दिला नाही. पण नियम म्हणजे नियम. दहा तारखेपासूनचे अकराच्या अकरा दिवस त्यांनी वहीत तिरक्या रेघेने खोडले. तीस वर्षांची माळ शेवटच्या दहा दिवसांवर आली असताना तुटली.

बाई आत गेल्या. त्यांनी पडदा वर गुंडाळला. "अहो, हे सांगत होतात तुम्ही? हे?" मालकांनी मान हलवली. बाई खाटेशी खाली बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. मालक डाव्या हाताने त्यांच्या डोक्यावर थोपटत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाई चुंबक घेऊन आल्या. सुया नीट वाचल्या, खाली आणल्या आणि खिडकीकडे तोंड करून मालकांसारख्याच ओरडल्या, "एकोणीस! आठ!" मालकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवसापासून बाई ओरडल्या नाहीत.

मे महिन्यात मालक गेले. बाईंनी पेटीवर जाड पडद्याचं कापड टाकून दोरीने बांधलं. आता आत हवाच नीट खेळत नाही, माझा आकडा धरण्यासारखा राहिलेला नाही. बाई इकडे फिरकत नाहीत. अंगणात कपडे वाळत घालायचे तरी माझ्याकडे पाठ करून घालतात. त्यांना वाटतं की आपण नवऱ्याची तीस वर्षं मातीत घातली, आणि तसं नाही म्हणून सांगणारं घरात कोणी नाही.

पारा तेव्हा कुठवर चढला आणि उतरला ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. म्हणून तुमच्याकडे आलोय. कुठेतरी लिहून घ्या, एवढी विनवणी आहे. अकरा तारीख अठ्ठावीस आणि अकरा. बारा, एकतीस आणि बारा. तेराला चोवीस, सहा. चौदाला सतरा, तीन. पंधराला बारा, एक. मग अकरा आणि दोन, तेरा आणि चार, पंधरा आणि पाच, सोळा आणि सात. वीस तारखेला अठरा आणि आठ.

झाले दहा. खोडलेले दिवस अकरा आहेत. राहिलेला दिवस दहा तारखेचा, बाईंचा पहिला. आदल्या सकाळी मालकांनी कोसळण्याआधी सुया टेकवून ठेवल्या होत्या. बाई धापा टाकत आल्या आणि त्यांनी सव्वीस, नऊ लिहिलं. ते अगदी बरोबर होतं. त्यांना कोणीतरी एवढं सांगा हो.